साठ थ्रूआउट

माझा भाचा बाळू गेल्या शनिवारी हॉस्टेलवरून घरी आला आणि पायातले बूटही न काढता दारातूनच म्हणाला, "मामा, सहा पॉइंट एकाहत्तर म्हणजे किती?"

"सहा पॉइंट एकाहत्तर," मी म्हटलं.

"तसं नाही रे. पर्सेंटेजमध्ये."

आबांनी पेपर खाली केला. आबा म्हणजे माझे वडील. वय ब्याऐंशी, सार्वजनिक बांधकाम खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. "टक्केच काढायचेत ना? दहानं गुण. सदुसष्ट पॉइंट एक. बूट काढ."

"इतकं सोपं असतं तर काय हवं होतं, आबा," असं म्हणून पोरगं बुटांसकट सोफ्यावर कोसळलं.

त्याचं आता मेकॅनिकलचं चौथं वर्ष. कॉलेजात कंपन्या यायला लागल्या आहेत. 'कंपनी येतेय' हे ही मुलं ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात माझी आजी प्लेगच्या साथीच्या ऐकीव गोष्टी सांगायची. आधी कुजबुज, मग तारीख, मग शेजारच्या वर्गातला एक गेला अशी बातमी. इथे जो जातो त्याचे पेढे मिळतात, एवढाच फरक. कंपनी येण्याआधी तिची नोटीस ग्रुपवर येते, आणि त्या नोटिशीची पहिली ओळ गेली पंचवीस वर्षं मी तीच बघतोय: साठ टक्के थ्रूआउट.

या 'थ्रूआउट'ला मराठीत नेमका शब्द नाही. दहावीला साठ, बारावीला साठ, डिग्रीला साठ, मधे कुठे अठ्ठावन्न दिसले की बाहेर. मुलगी बघायला गेलेली माणसंसुद्धा इतकं मागे जात नाहीत. आमच्या परंपरेत माणूस सुधारू शकतो यावर केवढा विश्वास! वाल्याचा वाल्मीकी झाला हे आपण पोरांना कौतुकानं सांगतो. पण वाल्मीकींना कॅम्पसमधून नोकरी लागली नसती. नंतरचं काम कितीही मोठं असो, रेकॉर्ड थ्रूआउट नव्हतं.

भाच्याचं दहावीचं रेकॉर्ड मात्र झळझळीत आहे. चौऱ्याण्णव टक्के. ही दहावी २०२१ सालची. त्या वर्षी कोरोनामुळे बोर्डाची परीक्षाच झाली नाही. नववीचे मार्क आणि शाळेचं अंतर्गत मूल्यमापन यांवर निकाल लागला, आणि राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के. उरलेल्या पाच शतांश टक्क्यांतली मुलं नेमकं काय करून नापास झाली असतील, याचं मला आजही कुतूहल आहे. तर न दिलेल्या परीक्षेचे हे चौऱ्याण्णव कंपनीला चालतात. पुढं तीन वर्षं जागून, सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नलची पानंच्या पानं उतरवून, गणिताचा एम-थ्री पेपर दोनदा देऊन जे सहा पॉइंट एकाहत्तर कमावले, ते कशात बसतात याचा पत्ता नाही.

कारण टक्के आता राहिलेच नाहीत. सीजीपीए आला. मुलांच्या मनावरचं टक्क्यांचं ओझं कमी व्हावं म्हणून दहा पॉइंटांची पट्टी आणली, असं ती आणताना सांगितलं गेलं. ओझं कमी झालं का ते माहीत नाही, पण त्याच्यासोबत एक गणित फुकट मिळालं. विद्यापीठ पॉइंट देतं आणि कंपनी टक्के मागते. मधला पूल पोरानं स्वतः बांधायचा.

आम्ही तो डायनिंग टेबलावर बांधायला घेतला. एआयसीटीईचं, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेचं, एक कोष्टक आहे, त्यात ६.७५ म्हणजे साठ टक्के. पॉइंटातून पाऊण वजा करायचा आणि दहानं गुणायचं. हा पाऊण का वजा करायचा, हे विचारायचं नसतं. तो आडत्याच्या कडत्यासारखा असतो. त्या हिशेबानं आमचा माणूस ५९.६ वर आला. पण सीबीएसई दहावीच्या सीजीपीएला साडेनऊनं गुणायला सांगायची. आबांनी पेपरच्या कोऱ्या कडेला पेन्सिलनं तोही गुणाकार केला: ६३.७४५. आणि आबांचा मूळचा रोखठोक दहाचा पाढा धरला तर ६७.१. म्हणजे एकच मुलगा, एकाच खुर्चीत बसलेला, हातात तीच अर्धी खाल्लेली चकली, आणि तो एकाच वेळी नापसंत, पसंत आणि चांगलाच पसंत.

"मग यातलं खरं कुठलं?" आबांनी विचारलं.

"कॉलेजनं एआयसीटीईचं धरलंय."

"म्हणजे चाळीस शतांशांनी गेलास."

भाच्यानं मान हलवली. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, कारण हा आजार त्याला मातुल घराण्यातून आला आहे.

माझं इंजिनिअरिंग २००१ सालचं. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि ज्या शिवारात ऊस यायचा तिथं इंजिनिअर यायला लागले. मी त्याच पिकातला. तिसऱ्या वर्षाअखेर माझी बेरीज होती साडेचार हजारांपैकी दोन हजार सहाशे सत्त्याण्णव. साठ टक्क्यांना हवे होते सत्तावीसशे. तीन मार्क कमी. टक्केवारी ५९.९३. कॅम्पसला आलेल्या एका कंपनीच्या साहेबाला मी धीर करून विचारलं, "सर, राउंड ऑफ केलं तर साठच होतात." साहेबांनी माझ्याकडे फार प्रेमानं बघितलं आणि म्हणाले, "वुई डोन्ट राउंड ऑफ." ते तीन मार्क पुढं कित्येक वर्षं माझ्या स्वप्नात यायचे. एक मार्क ड्रॉइंगचा असायचा. ग्लासखाली बल्ब लावून दुसऱ्याची शीट ट्रेस केली, आणि शीटबरोबर त्याची चूकही प्रामाणिकपणे ट्रेस केली. बाकी दोन कुठे गेले ते स्वप्नातही कळलं नाही.

त्या वर्षी मित्रांतले जे साठच्या वर होते, त्यांचंही फार बरं चाललं नव्हतं म्हणा. डॉटकॉमचा फुगा फुटला होता. हातात ऑफर लेटर असलेली मुलं रोज सायबर कॅफेत वीस रुपये तास मोजून जॉइनिंगची तारीख आली का बघायची. साठ नसलेले आम्ही त्यांच्या शेजारी बसून बायोडाटा टाइप करायचो. दोघांनाही नोकरी नव्हती, पण त्यांची बेकारी फर्स्ट क्लास होती.

मला नोकरी लागली भोसरीच्या एमआयडीसीत. पत्र्याची शेड, सहा लेथ, आणि मालकांच्या पायात स्लीपर. मार्कशीटांची प्लास्टिकची फाइल मी मांडीवर धरून बसलो होतो. मालकांनी ती हातात घेतली, आणि टेबलावर कूलंट सांडलं होतं म्हणून आडवी टाकून तिच्यावर चहाचा ग्लास ठेवला. मग लेथवरून नुकतीच उतरलेली एक पिन आणि व्हर्नियर माझ्यासमोर सरकवला. "वाचा."

मी वाचलं. "पंचवीस पॉइंट चार."

मालकांनी व्हर्नियर उजेडाकडे धरला. "पंचवीस पॉइंट शून्य चार. शून्य खाल्लंत तुम्ही." थोडं थांबून म्हणाले, "इंजिनिअर ना?"

तीन हजार पगार ठरला. पुढच्याच महिन्यात ग्राहकाकडून पन्नास पिना परत आल्या. सात शतांशानं जाड. आपल्यात आणि नोकरीत नेमका सात शतांशांचाच फरक होता, हे मला त्या पिनांकडे बघून आठवलं. ग्राहकानंही राउंड ऑफ केलं नव्हतं. पण निदान त्यानं पिन मोजली होती, पिनेची दहावी नव्हे.

आबांना यातलं काही पटत नाही. आबा १९६५ सालचे बी.ए., पास क्लास. त्यांच्या लेखी पदवी ही टक्क्यांत सांगायची गोष्टच नव्हे, ती दारावरच्या पाटीवर लिहायची गोष्ट. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं आणि १८६२ साली त्याचे पहिले बी.ए. बाहेर पडले, त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्णपंत भांडारकर होते, हे आबा वर्षातून चार वेळा तरी सांगतात. सांगण्याचा रोख असा असतो की रानडे, भांडारकर आणि मधे थोडा काळ गेल्यावर आबा. त्यांच्या वेळी पदवी झाली की सेवायोजन कार्यालयात जाऊन नाव घालायचं, कार्ड मिळायचं, आणि कॉल येण्याची वाट बघत गावात सायकलवर फिरायचं. "क्लास विचारायचे," आबा म्हणतात, "पण एकदाच. तेही उभ्याउभ्या."

भाच्याचं मात्र उभ्याउभ्या भागत नाही. टक्क्यांची चाळणी हे नुसतं दार. आत अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट, मग ग्रुप डिस्कशन, मग टेक्निकल, मग एचआर. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर तो अ‍ॅप्टिट्यूडचं जाडजूड पुस्तक घेऊन बसला आणि आबा त्याच्या मदतीला बसले. ही मदत मी जन्मभर घेतली आहे, त्यामुळे मी लांबून ऐकत होतो.

"अ एक काम बारा दिवसांत करतो, ब तेच काम पंधरा दिवसांत करतो. दोघं मिळून किती दिवसांत करतील?"

"सरकारी काम आहे का?"

"काम आहे, आबा. नुसतं काम."

"वीस दिवस."

"अहो, दोघं मिळून केल्यावर कमी दिवस लागणार ना? सहा पूर्णांक दोन तृतीयांश."

"तू अजून नोकरी केलेली नाहीस," आबा म्हणाले. "अ म्हणणार, ब आहे. ब म्हणणार, अ सीनियर आहे. आणि मोजमापाचं रजिस्टर कुणाच्या ताब्यात, यात पहिले आठ दिवस जाणार. वीस लिही."

पुढचं गणित आगगाडीचं होतं. दीडशे मीटर लांबीची गाडी ताशी साठ किलोमीटरनं अडीचशे मीटरचा प्लॅटफॉर्म किती सेकंदांत ओलांडेल? भाच्यानं चोवीस सेकंद बरोबर काढले. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे गाडी थांबतच नाही. मग प्लॅटफॉर्मवर ही सगळी माणसं कशाला उभी केलीत?"

भाच्यानं पुस्तक मिटलं. मला वाटतं त्या रात्री त्याला पहिल्यांदाच कॅम्पस प्लेसमेंट म्हणजे काय ते कुणीतरी नीट समजावून सांगितलं.

रविवारी सकाळी मुलाखतीची तालीम. मी एचआर झालो. त्यानं टाय लावला. या टायबद्दल सांगितलंच पाहिजे. हॉस्टेलच्या त्यांच्या मजल्यावर चाळीस मुलं आहेत आणि टाय एक. मरून रंगाचा, त्यावर बारीक तिरक्या रेघा. त्याची गाठ चार-पाच वर्षांपूर्वी कुणा सीनियरनं बांधली. तो आता जर्मनीत आहे. त्याच्यानंतर मजल्यावर कुणालाच टाय बांधता येत नाही, त्यामुळे गाठ सोडायची नाही असा कडक नियम आहे. फास सैल करायचा, डोकं बाहेर काढायचं आणि पुढच्याच्या डोक्यात घालायचा. एका दिवशी तीन जणांची मुलाखत असली तर टाय रिले शर्यतीतल्या दांडीसारखा दारातल्या दारात बदलतो. आतापर्यंत त्या एका गाठीतून अकरा जण नोकरीला लागले म्हणे. गाठीपाशी कापड काळं पडलंय. बायको म्हणाली, "दे, धुऊन इस्त्री करून देते." भाचा दोन पावलं मागे सरला. जानव्याला कुणी हात घालावा तसा.

"स्वतःचा एक दोष सांगा," मी एचआरच्या आवाजात विचारलं.

"सर, मी परफेक्शनिस्ट आहे. कुठलंही काम अर्धवट ठेवणं मला जमत नाही."

"पलंगावरचा ओला टॉवेल उचल आधी," आतून त्याच्या मामीचा आवाज आला.

"पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"

याचं पाठ केलेलं उत्तर आहे. समोरच्याकडे आत्मविश्वासानं बघून 'तुमच्या खुर्चीत, सर' असं म्हणायचं. यूट्यूबवर शिकवतात. भाच्यानं माझ्याकडे बघितलं. नजर माझ्या चेहऱ्यावरून पोटावर आली, पोटावरून बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटावर, तिथून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, जिथं गृहकर्जाच्या हप्त्याच्या पाच तारखेभोवती लाल गोल आहे. "तुमच्या…" एवढं म्हणून त्याचा आवाज बसला. तालीम तिथेच थांबवली.

त्याला खरी भीती मुलाखतीची नाहीच. भीती आहे ती दिवाळीची. आमच्या वेळी नातेवाईक 'मार्क किती' विचारायचे आणि मग 'नोकरी कुठे'. आता या दोन्हींचा मिळून एक शब्द झालाय, पॅकेज. पगार आपल्याला मिळतो, पॅकेज लोकांना सांगतात. त्यात कंपनीची बस असते, विमा असतो, पाच वर्षं टिकलात तर मिळणारी ग्रॅच्युइटी असते. दिवाळीच्या फराळाचा डबा धरत असतील तरी मला नवल वाटणार नाही. घाऊक भरती करणाऱ्या आयटी कंपन्यांचा फ्रेशरचा आकडा दहा-पंधरा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतोय. तेवढ्यात कॉलेजच्या गेटवरचा वडापाव दुप्पट झाला. पण साताऱ्याच्या मावशीनं कुठेतरी पेपरात एक कोटीच्या पॅकेजची बातमी वाचली आहे, आणि आयआयटी आणि आपला बाळू यांत ती फारसा भेद करत नाही. बाळूलाही तिच्याशी वाद घालवत नाही. तो फोन सायलेंटवर टाकतो आणि रात्री दोन वाजता छताकडे बघत पडतो. मी पाणी प्यायला उठलो तेव्हा बघितलंय. मी काही बोललो नाही. रात्री दोनला छताकडे बघणाऱ्या मुलाला 'मार्कांनी काही होत नसतं' असं सांगणाऱ्या मामांचा मला राग यायचा. माझ्याही एका मामांनी सांगितलं होतं, ते फर्स्ट क्लास होते.

रविवारी दुपारी जेवून तो हॉस्टेलवर परत निघाला होता. बॅगेत चिवडा, चकली, टाय वेगळ्या पिशवीत. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ग्रुपवर नवी नोटीस. तो उभ्याउभ्या वाचायला लागला.

"मेकॅनिकलसाठी आहे! कोअर कंपनी! ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी, सहा जागा, चाकण…" आवाज चढत गेला आणि पुढच्या ओळीला उतरला. "साठ थ्रूआउट."

मग तो थांबला. नोटीस पुन्हा वरून वाचली. "मामा, ही तुझी कंपनी आहे."

"एचआर काढतं रे ते. आमचा काही…"

"खाली तांत्रिक चौकशीसाठी तुझा नंबर आहे."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. आबांनी पेपर खाली केला. आता नाकारण्यात अर्थ नव्हता. घडलं होतं ते असं. गेल्या मंगळवारी एचआरची मुलगी माझ्या टेबलाशी आली. मागच्या वर्षी सहा जागांना चौदाशे अर्ज आले होते, सर, यंदा क्रायटेरिया काय टाकू? चौदाशे अर्ज मी बघितले होते. निम्मे एकाच एआयनं लिहिलेले, सगळ्यांना लहानपणापासून मशिनांची 'पॅशन', सगळे 'डायनॅमिक'. तीन वाजता प्रॉडक्शनची मीटिंग होती, एक लाइन बंद होती. मी स्क्रीनवरून मान वर न करता म्हणालो, "साठ थ्रूआउट टाक." तिनं टाकलं. अर्ध्या मिनिटाचं काम. पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या साहेबांचीही तीनला मीटिंग असेल कदाचित.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. व्हर्नियरचं नाही सांगितलं, ते त्याला माहीत आहे.

"म्हणजे मी बसत नाही," तो म्हणाला. "एकोणसाठ पॉइंट सहा."

कुणी काही बोललं नाही. पंखा तेवढा फिरत होता.

"आण इकडे ती नोटीस," आबा म्हणाले. चष्मा कपाळावरून नाकावर आला. चाळीस वर्षं ठेकेदारांची निविदापत्रं ज्या नजरेनं वाचली, त्या नजरेनं त्यांनी मोबाइल हातभर लांब धरून नोटीस पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचली. मग माझ्याकडे बघितलं.

"अट तुझी?"

"हो."

"पॉइंटांचे टक्के कुठल्या कोष्टकानं करायचे, हे यात लिहिलेलं नाही."

"नाही."

"शुद्धिपत्रक काढणार आहेस?"

"नाही, आबा."

आबांनी मोबाइल भाच्याच्या हातात दिला आणि पेपर पुन्हा डोळ्यांपुढे धरला. "मग साडेनऊनं गुण."